पै-पैशाने उभे राहिलेले विद्यापीठ



मिस्सेच्या शेवटी “आज दुसरे दानही गोळा केले जाईल” असे आम्ही जाहीर करतो, तेव्हा काही कपाळांवर उमटणारी बारीक आठी आम्हाला वेदीवरून दिसते. तक्रार नाही. पैसा कष्टाचा असतो आणि तो कुठे जातो हे विचारण्याचा हक्क देणाऱ्याला असतोच. आज अशाच एका दानाची हकिगत सांगायची आहे. ते आयर्लंडमध्ये चर्चच्या दारात गोळा झाले. दुष्काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसांनी ते दिले. ते अन्नछत्रासाठी नव्हते की चर्चच्या छपरासाठीही नव्हते. ते एका विद्यापीठासाठी होते, आणि देणाऱ्यांपैकी बहुतेकांची मुले त्या विद्यापीठाची पायरीही चढणार नव्हती.

हे आठवण्याचे निमित्त म्हणजे त्या विद्यापीठाचे पहिले रेक्टर. संत जॉन हेन्री न्यूमन यांना १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ख्रिस्तसभेचे महापंडित म्हणून घोषित केले, आणि संत थॉमस अक्वायनस यांच्या जोडीने कॅथलिक शिक्षणकार्याचे आश्रयदाते नेमले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना न्यूमन यांचे नाव आमच्या कानांवर पडले ते एका पुस्तकाचे लेखक म्हणून. त्या पुस्तकामागे एवढी ओढाताण होती, हे पुष्कळ नंतर कळले.

आयर्लंड हा कॅथलिकांचा देश, पण राज्य इंग्रजांचे. डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज राणी एलिझाबेथ पहिली हिच्या सनदेने १५९२ साली स्थापन झाले, ते प्रॉटेस्टंटांसाठी. कॅथलिकांना तेथे पदवी घेण्याची मुभा मिळाली १७९३ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी! आणि तेथे अध्यापक मंडळात बसायला १८७३ साल उजाडावे लागले. १८४५ साली सरकारने बेलफास्ट, कॉर्क आणि गॉलवे येथे तीन कॉलेजांची योजना मांडली. कोणत्याही पंथाच्या मुलाने यावे, मात्र सरकारी पैशाने ईशज्ञान शिकवले जाणार नाही, अशी ती व्यवस्था होती. लोकांनी त्यांना ‘देव नसलेली कॉलेजे’ असे नाव ठेवले. बिशपांमध्ये मात्र एकमत नव्हते. डब्लिनचे आर्चबिशप मरे यांच्यासारख्यांना वाटे, की मिळते आहे ते घ्यावे. अखेर १८५० साली थर्ल्स येथे बिशपांची परिषद भरली आणि त्या कॉलेजांविरुद्ध निर्णय झाला. आपले स्वतःचे कॅथलिक विद्यापीठ काढायचे ठरले. नमुना समोर होता तो बेल्जियममधील लुव्हेनचा.

हे वर्ष नीट लक्षात घ्या. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला होता. चार-पाच वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसे भुकेने आणि तापाने मेली आणि तितकीच बोटीत बसून देश सोडून गेली. त्या उजाड देशात गावोगावच्या चर्चच्या दारात विद्यापीठासाठी पेनी गोळा होऊ लागल्या. अमेरिकेत गेलेल्या आयरिश मजुरांनीही पैसे पाठवले. सरकारकडून एक छदामही नव्हता.

आर्चबिशप पॉल कलन यांनी रेक्टर म्हणून निवडले न्यूमन यांना. निवड धाडसाची होती. न्यूमन हे इंग्रज, ऑक्सफर्डचे अध्यापक, अँग्लिकन धर्मगुरू; १८४५ साली कॅथलिक झालेले. ज्या इंग्रजांनी आयरिश माणसाला शाळेपासून दूर ठेवले, त्यांच्यातलाच एक येऊन आयरिश मुलांना शिकवणार! न्यूमन आले. १८५२ साली त्यांनी डब्लिनमध्ये व्याख्याने दिली. आम्ही सेमिनरीत वाचलेले पुस्तक ते हेच. बर्मिंगहॅमच्या आपल्या मठाची जबाबदारीही त्यांच्यावर होतीच, त्यामुळे पुढील काही वर्षांत त्यांना पन्नासहून अधिक वेळा समुद्र ओलांडावा लागला.

त्या व्याख्यानांतला एक मुद्दा येथे थोडक्यात मांडतो, कारण तो आपल्या घरांतल्या प्रश्नाशी जोडलेला आहे. ज्ञान हे एकच शरीर आहे, असे न्यूमन मानत. त्याचा एखादा अवयव काढून टाकला तर जागा रिकामी राहत नाही. शेजारचे अवयव तेथे पसरतात. ईशज्ञान विद्यापीठातून काढले, तर माणूस कशासाठी जगतो याचे उत्तर अर्थशास्त्र देऊ लागेल किंवा जीवशास्त्र देऊ लागेल, आणि ते त्यांचे काम नव्हे. पण हे तत्त्व दुसऱ्या बाजूनेही लागू होते, आणि तिकडे आपले लक्ष कमी जाते. ईशज्ञानानेही दुसऱ्याच्या जागेत घुसायचे नाही. भौतिकशास्त्र भौतिकशास्त्राच्या पद्धतीनेच शिकवले पाहिजे. सत्य सत्याला खोटे पाडत नाही, ही त्यांची खात्री होती. म्हणून विद्यार्थ्याने प्रश्न विचारला तर त्यांना भीती वाटत नसे.

“फादर, मुलीला त्या कॉलेजात घातले तर तिची श्रद्धा टिकेल का?” हा प्रश्न आम्हाला दरवर्षी निकालानंतर कुणी ना कुणी आईवडील विचारतातच. “फी किती?” आणि “नोकरी लागेल का?” हे प्रश्न त्याआधी विचारून झालेले असतात, ही गोष्ट वेगळी.

३ नोव्हेंबर १८५४ रोजी सेंट स्टीफन्स ग्रीन या चौकातल्या ८६ क्रमांकाच्या वाड्यात विद्यापीठ सुरू झाले. पहिल्या दिवशी पटावर वीस मुलेदेखील नव्हती. पहिले नाव होते डॅनियल ओ'कॉनेल. कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडून देणाऱ्या थोर पुढाऱ्याचा हा नातू. पुढल्या वर्षी सेसिलिया स्ट्रीटवर वैद्यकीय शाळा निघाली. १८५६ साली वाड्याला लागूनच विद्यापीठाचे चर्च उभे राहिले, बायझंटाइन धर्तीचे, आत रंगीत संगमरवर. युजीन ओ'करी हे प्राचीन आयरिश हस्तलिखिते वाचू शकणारे विद्वान. त्यांना न्यूमन यांनी प्राध्यापक नेमले आणि स्वतः त्यांच्या व्याख्यानांना जाऊन बसत. आयरिश ही तेव्हा गरिबांची, मागासलेल्यांची बोली समजली जात होती. एक इंग्रज रेक्टर ती भाषा ऐकायला वर्गात बसतो, हे दृश्य आम्हाला फार मोलाचे वाटते. दिवसा काम करणाऱ्या तरुणांसाठी त्यांनी संध्याकाळचे वर्गही काढले.

आणि तरीही हे विद्यापीठ चालले नाही.

मुख्य कारण साधे होते. सरकारने सनद दिली नाही. सनद नाही म्हणजे पदवीला किंमत नाही. कोणता बाप आपल्या मुलाला चार वर्षे अशा ठिकाणी ठेवील? फक्त वैद्यकीय शाळा भरभराटीला आली, कारण तिच्या मुलांना डॉक्टरीचा परवाना बाहेरच्या मान्यताप्राप्त मंडळांकडून मिळत असे. दुसरे कारण माणसांमधले होते. न्यूमन यांना विद्यापीठाच्या कारभारात, विशेषतः हिशेबात, प्रापंचिकांना जागा हवी होती. पैसा त्यांनी दिला आहे, तो कसा खर्च होतो हे त्यांनी पाहावे, आणि शिकलेले प्रापंचिक हे ख्रिस्तसभेचे बळ आहे, असे त्यांचे म्हणणे. आर्चबिशप कलन यांना हे पटेना. पत्रांची उत्तरेही वेळेवर येत नसत. १८५८ च्या अखेरीस न्यूमन यांनी रेक्टरपद सोडले.

कलन यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण आम्ही ते करणार नाही. उपासमारीतून उठलेल्या समाजाचे मेंढपाळपण त्यांच्या खांद्यावर होते, आणि गरिबांच्या पेन्यांचा जाब त्यांनाच द्यायचा होता. त्यांना कुंपण हवे होते, कारण त्यांनी मेंढरे मरताना पाहिली होती. मात्र हिशेबाच्या वहीबाबत आमचे मत न्यूमन यांच्या बाजूने आहे. धर्मग्रामाच्या वित्त समितीवर प्रापंचिक बसतात ही आज आपल्याला नेहमीची गोष्ट वाटते. तेव्हा ती मागणाऱ्याकडे संशयाने पाहिले गेले.

पुढची वीस वर्षे विद्यापीठ कसेबसे तगले. १८७३ साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी पार्लमेंटमध्ये आयरिश विद्यापीठाचे विधेयक आणले, ते अवघ्या तीन मतांनी पडले. शेवटी १८८० साली ‘रॉयल युनिव्हर्सिटी’ निघाली. ही शिकवणारी संस्था नव्हती. ती परीक्षा घेई आणि पदवी देई, मग विद्यार्थी कुठेही शिकलेला असो. लंडनच्या विद्यापीठाचा हा घाट. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेही याच घाटाचे, त्यामुळे आपल्या वाचकांना तो समजायला कठीण जाऊ नये. आता कॅथलिक मुलांना मान्य पदवी मिळू लागली. १८८२ मध्ये जुन्या संस्थेचे नाव ‘युनिव्हर्सिटी कॉलेज’ झाले आणि १८८३ पासून तिचा कारभार येशूसंघीयांकडे आला. त्यांनी एक युक्ती केली. रॉयल युनिव्हर्सिटी आपल्या परीक्षक प्राध्यापकांना वर्षाला ४०० पौंड वेतन देई. त्या जागांवर येशूसंघीय नेमले गेले की त्यांचे वेतन व्रताप्रमाणे सरळ कॉलेजच्या तिजोरीत जाई. सरकार कॅथलिक कॉलेजला पैसे देत नव्हते, पण पैसे येत होते!

अशा प्राध्यापकांपैकी एक होते फादर जेरार्ड मॅनली हॉपकिन्स. १८८४ मध्ये ते ग्रीक शिकवायला आले. वर्षातून अनेकदा शेकडो उत्तरपत्रिकांचे गठ्ठे त्यांच्यापुढे येत, आणि गुण देताना अर्ध्या-पाव गुणासाठी त्यांचा जीव कासावीस होई. याच काळात त्यांनी आपल्या सर्वांत काळोख्या कविता लिहिल्या. १८८९ साली विषमज्वराने ते गेले, वयाच्या ४४ व्या वर्षी. आपल्यात एक मोठा कवी राहत होता हे जगाला कळले १९१८ साली, कविता छापल्या गेल्या तेव्हा. वह्या तपासणाऱ्या आपल्या शिक्षक भगिनींना हा फादर जवळचा वाटेल.

मुलींची गोष्ट निराळी. रॉयल युनिव्हर्सिटीच्या परीक्षा त्यांना खुल्या होत्या आणि १८८४ साली नऊ जणींनी पदवी घेतली, पण शिकायचे कुठे? ही उणीव भरली ती डॉमिनिकन आणि लोरेटो भगिनींनी. डब्लिनमध्ये मुलींसाठी त्यांनी स्वतःची कॉलेजे चालवली.

१९०८ साली नवा कायदा झाला आणि डब्लिन, कॉर्क व गॉलवे यांचे मिळून ‘नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आयर्लंड’ तयार झाले. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन हा तिचा सर्वांत मोठा भाग. सेसिलिया स्ट्रीटची वैद्यकीय शाळा त्यातच विलीन झाली. मुलींना आता मुलांच्या बरोबरीने प्रवेश होता. मात्र अट होती. कोणाचाही धर्म विचारायचा नाही आणि सरकारी पैसा ईशज्ञानावर खर्चायचा नाही. म्हणजे ज्या अटीमुळे १८५० साली बिशपांनी कॉलेजे नाकारली होती, जवळपास त्याच अटीवर अठ्ठावन्न वर्षांनी आपले कॉलेज मोठे झाले. विद्यापीठाचे पहिले कुलपती झाले डब्लिनचेच आर्चबिशप विल्यम वॉल्श. तत्त्वज्ञानाचे वर्गही पुढे कित्येक दशके बहुतांशी धर्मगुरूच घेत होते. दरवाजा बंद झाला तरी खिडकी उघडी राहिली, असे म्हणायला हरकत नाही. आधुनिक आयरिश भाषेचे पहिले प्राध्यापक होते डग्लस हाइड. ते एका प्रॉटेस्टंट धर्मगुरूचे चिरंजीव, आणि १९३८ साली आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

येथे आपल्या देशाचाही एक धागा आहे. १९१३ साली एक तेलुगू तरुण कायदा शिकण्यासाठी या कॉलेजात दाखल झाला. नाव व्ही. व्ही. गिरी. त्या वेळी तेथे इंग्रजी शिकवत होते थॉमस मॅकडोना, जे १९१६ च्या ईस्टर उठावाचे एक नेते ठरले आणि इंग्रजांच्या गोळ्यांना सामोरे गेले. त्याच वर्षी गिरींना आयर्लंड सोडावे लागले. मायदेशी येऊन ते कामगार चळवळीत पडले, आणि १९६९ साली भारताचे राष्ट्रपती झाले.

त्यानंतरची वाढ भराभर सांगतो. अर्ल्सफोर्ट टेरेसवरील इमारत कॉलेजला पुरेना, म्हणून शहराच्या दक्षिणेला बेलफील्ड येथे जमिनी घेतल्या गेल्या. १९६४ साली विज्ञान विभाग तेथे गेला आणि मग हळूहळू सगळेच गेले. १९०९ साली पाचशेच्या आसपास विद्यार्थी होते, आज तीस हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांत भारतातून गेलेली मुलेमुलीही आहेत. दुसरीकडे, कॅथलिकांनी ट्रिनिटीत जाऊ नये हा बिशपांचा निर्बंध १९७० साली उठला. कुंपण दोन्ही बाजूंनी निघाले.

सेंट स्टीफन्स ग्रीनवरील जुना वाडा मात्र तेथेच आहे, आता ‘न्यूमन हाउस’ या नावाने. हॉपकिन्स तेथेच वारले. १८९८ ते १९०२ या काळात जेम्स जॉईस तेथेच शिकला, ख्रिस्तसभेपासून दूर गेला आणि विसाव्या शतकातला मोठा कादंबरीकार ठरला. २०१९ साली त्या वास्तूत आयरिश साहित्याचे संग्रहालय उघडले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये न्यूमन यांना संतपद दिले. संग्रहालयाला लागूनच १८५६ चे ते चर्च आहे. रस्त्यावरून जाताना त्याचे दार इतके लहान दिसते, की आत एवढे मोठे मंदिर असेल असे वाटत नाही.