गर्व आणि पाप : ‘ख्रिस्तपुराण’ व ‘स्मृतिचित्रे’ यांच्या संदर्भात

ख्रिस्ती धर्मविचारात गर्व हे पापाचे मूळ मानले गेले आहे. चोरी, हिंसा ही पापे उघड दिसतात. गर्व मात्र सद्गुणाच्या आड लपतो. लूकच्या शुभवर्तमानातील परूशी आणि जकातदार यांचा दाखला नेमक्या याच मर्मावर बोट ठेवतो. परूशी खोटे बोलत नाही. तो खरोखरच उपास करतो, दशांश देतो. परंतु आपले पुण्य मोजताना तो शेजारच्या माणसाला तुच्छ लेखतो आणि तेथेच त्याची प्रार्थना व्यर्थ होते. हा विचार मराठीत कसा रुजला, हे दोन ग्रंथांच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात गर्वामुळे झालेले लुसिफरचे पतन आणि त्यानंतर आदाम-एवा यांचा आज्ञाभंग येतो. गर्वहरणाच्या कथा मराठी श्रोत्याला अपरिचित नव्हत्या. गोरोबांनी नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरविल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. परंतु तेथे गर्व हा साधकाचा दोष असून गुरुकृपेने तो निरसतो. लुसिफरच्या गर्वाला असा उतारा नाही, आणि आदामाच्या पापाचे फळ त्याच्या एकट्यापुरते राहत नाही. ते साऱ्या मानवजातीला भोगावे लागते. ‘ज्याचे कर्म त्याला’ या धारणेत वाढलेल्या श्रोत्यांपुढे स्टीफन्स यांनी ही सर्वस्वी निराळी कल्पना परिचित पुराणशैलीत मांडली. दुसऱ्या पुराणातील ख्रिस्तचरित्र हे या पतनाचेच उत्तर होय : गर्वाने झालेली हानी देवाच्या नम्रतेने भरून निघते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४ पासून प्रसिद्ध) हाच प्रश्न स्वर्गातून स्वयंपाकघरात उतरतो. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. पुढे त्यांच्यासह राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सोडले नव्हते. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, या विचाराने अखेर त्यांचे मन पालटले आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. येथे पाप म्हणजे विटाळ नव्हे. विटाळाच्या कल्पनेने माणसाला दूर लोटणे हेच पाप ठरते. विशेष म्हणजे, हे परिवर्तन सांगताना लक्ष्मीबाई उपदेश करीत नाहीत. त्या स्वतःलाच हसतात. त्यांचा विनोद हा एका अर्थी पापकबुलीच आहे.

तथापि सोवळ्याचा गर्व गेला की गर्वच गेला, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. धर्मांतरितालाही आपल्या नव्या धर्माचा अभिमान जडू शकतो. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान दिले, ही घटना या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

या ग्रंथांचे अध्यापन करताना ‘त्यांचा’ गर्व दाखवून थांबणे सोपे असते. परंतु तसे थांबणारा वाचक नकळत परूश्याच्याच जागी उभा राहतो. स्वतःच्या गर्वाकडे हसून पाहण्याचे लक्ष्मीबाईंचे धैर्य म्हणूनच वाङ्मयीन गुणाइतकेच नैतिक मूल्यही ठरते.