विद्यार्थी-नियतकालिकाची मांडणी : एक प्रकल्प

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• सोळा पानी अंकाची डमी तयार करता येईल.
• देवनागरी मजकुरासाठी टंक व ओळींतील अंतर निवडता येईल.
• मांडणीचा निर्णय हा भाषाविषयक निर्णयही कसा असतो, हे स्पष्ट करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, संपादित मजकूर पानावर कसा मांडावा, याचा विचार या पाठात करावयाचा आहे. मांडणी केवळ वाचून येत नाही, ती करूनच येते. म्हणून एक प्रकल्प घेऊ. समजा, यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकी येथे तुम्ही पाच-सहा विद्यार्थी २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी १६ पानांचा अंक काढत आहात. जवळच्या तांड्यावरील एका विद्यार्थिनीने आपल्या आजीकडून बंजारा बोलीतील लग्नगीत उतरवून आणले आहे. ते कोठे व कसे छापावे?

विषय-विवेचन

१. डमी : चार कोरे कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडा, पानांना क्रमांक द्या आणि कागद उलगडून पाहा. १ च्या शेजारी १६, २ च्या शेजारी १५ असे क्रमांक आढळतील. प्रत्येक जोडीची बेरीज १७ येते. वाचताना सम क्रमांकाचे पान डावीकडे व विषम उजवीकडे येते. समोरासमोरची ८ व ९ ही पाने तेवढी एकाच कागदाच्या एकाच बाजूवर सलग असतात. म्हणून दोन पानांवर पसरणारा मजकूर तेथे निर्धोकपणे मांडता येतो.

२. टंक व अंतर : देवनागरीत वेलांट्या, मात्रा व रफार शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली येतात. त्यामुळे रोमन मजकुरापेक्षा ओळींत अधिक अंतर लागते. १२ पॉइंट अक्षरासाठी १८ पॉइंट अंतर ठेवून प्रारंभ करावा. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने देठयुक्त ‘श’ व पाकळीयुक्त ‘ल’ ही वळणे मराठीसाठी प्रमाण मानली आहेत. निवडलेल्या टंकात ती आहेत का, हे नमुना छापून तपासावे. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ ही जोडाक्षरेही याच वेळी पाहावीत.

३. स्थान व दर्जा : प्रस्तुत लेखकाने अशाच एका विद्यार्थी-अंकात बोलीतील गीत पानाच्या तळाशी, बारीक व तिरप्या अक्षरांत छापले होते. वर ठळक मथळ्यासह मराठी अनुवाद होता. अंक हाती आल्यावर गीत आणणारी विद्यार्थिनी म्हणाली, “सर, आजीचं गाणं तळटीप झालं.” गीतातील एकही शब्द बदललेला नव्हता, तरी पानाने त्याचा दर्जा ठरवला होता.

येथे मराठी वृत्तपत्रसृष्टीचा प्रारंभच मार्गदर्शक ठरतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्याच्या पानावर इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत असे. इंग्रजी ही राज्यकर्त्यांची भाषा होती. तरी मराठीला तळाशी जागा दिली गेली नाही. मराठीला तेव्हा जे मिळाले, ते आज बंजारा बोलीला नाकारण्याचे कारण नाही.

म्हणून आपल्या अंकात गीत पान ८ वर व अनुवाद पान ९ वर घ्यावा. दोहोंसाठी एकच टंक व एकच आकार वापरावा आणि ओळीसमोर ओळ ठेवावी. अनुवादाची ओळ लांबली, तर अक्षर लहान न करता अनुवाद आटोपशीर करावा. मुद्रितशोधनात बोलीचे शब्द प्रमाण मराठीच्या नियमांनी ‘सुधारू’ नयेत. मुद्रित आजीला वाचून दाखवावे; अंतिम निर्णय तिच्या कानाचा.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. सोळा पानी अंकात पान ५ च्या शेजारी एकाच कागदावर कोणते पान येईल?
२. देवनागरी मजकुराला ओळींत अधिक अंतर का लागते?

क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील कोणत्याही बोलीतील दहा ओळींचा मजकूर मिळवा. तो दोन प्रकारे मांडा : एकदा अनुवादाखाली, एकदा अनुवादासमोर. दोन्ही पाने मजकूर सांगणाऱ्या व्यक्तीला दाखवून तिचा अभिप्राय तिच्याच शब्दांत नोंदवा.

सारांश

मांडणीत कागद, टंक व अंतर यांचे तांत्रिक ज्ञान आवश्यक आहेच. परंतु कोणाचा शब्द कोठे व किती मोठा छापावा, हे ठरवताना आपण त्या शब्दाच्या मानाचाही निर्णय करत असतो. तो जाणीवपूर्वक करणे, हे संपादकाचे कर्तव्य होय.