घटक ४ : मोशे कोर्दोव्हेरो – जीवन आणि चिंतन

४.१ प्रस्तावना

ईश्वर एकच आहे, हे ज्यू धर्माचे मूलतत्त्व होय. ‘कब्बाला’ ही त्याच धर्मातील गूढवादी परंपरा मात्र ईश्वराच्या दहा आविष्कारांविषयी बोलते. त्यामुळे एकेश्वरवादाला बाध येत नाही काय? कोर्दोव्हेरो यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर आणि त्याला जोडूनच त्यांनी मांडलेला आचारविचार आपण या घटकात अभ्यासणार आहोत.

४.२ जीवन

१४९२ साली स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाली. निर्वासितांपैकी अनेकांना ऑटोमन साम्राज्यात आश्रय मिळाला. गॅलिली प्रदेशातील त्सफात हे डोंगरावरील नगर पुढे त्यांच्या विद्येचे मोठे केंद्र बनले. कोर्दोव्हेरो यांचा जन्म १५२२ मधला. घराण्याचे मूळ स्पेनमधील कोर्दोबा नगरात असावे, असे त्यांच्या आडनावावरून दिसते. योसेफ कारो यांच्याकडे त्यांनी धर्मशास्त्राचा, तर मेहुणे श्लोमो अल्काबेत्स यांच्याकडे गूढविद्येचा अभ्यास केला. १५४८ मध्ये, पंचविशीच्या सुमारास, त्यांनी ‘पार्देस रिमोनीम’ (डाळिंबांची बाग) हा ग्रंथ पूर्ण केला. ‘झोहर’ या कब्बालाच्या प्रमुख ग्रंथावर त्यांनी विस्तृत भाष्यही लिहिले. १५७० मध्ये त्सफात येथेच त्यांचे निधन झाले.

४.३ एक आणि दहा

कब्बालानुसार ईश्वराचे मूळ रूप ‘एन सोफ’, म्हणजे अनंत, आहे. ते मानवी बुद्धीला अगम्य आहे. प्रज्ञा, दया, न्याय अशा दहा ‘सेफिरोत’मधून ते प्रकट होते. या सेफिरोत ईश्वराचे स्वरूपच आहेत, असे काही अभ्यासक मानत. त्या केवळ त्याची पात्रे किंवा साधने आहेत, असे इतर म्हणत. पहिले मत स्वीकारले, तर ईश्वराचे दहा भाग पडतात. दुसरे स्वीकारले, तर ईश्वर आणि भक्त यांच्यामध्ये दहा परकी माध्यमे उभी राहतात. मग प्रार्थना नेमकी कोणाला पोहोचते?

कोर्दोव्हेरो दोन्ही मतांचा समन्वय साधतात. सूर्यप्रकाश रंगीत काचांमधून आला की तांबडा, हिरवा, निळा भासतो. प्रकाश मात्र बदललेला नसतो. त्याचप्रमाणे सेफिरोत ही पात्रे आहेत आणि त्यांतील प्रकाश ईश्वराचाच आहे. भेद पात्रांत आहे, प्रकाशात नाही. म्हणून प्रार्थना त्या एकालाच पोहोचते.

४.४ चिंतनाकडून आचाराकडे

‘तोमेर देवोरा’ (दबोरेचे खजुरीचे झाड) या छोट्या ग्रंथात ते सांगतात, की माणसाने ईश्वरी गुणांचे अनुकरण करावे. मनुष्य पाप करतो, त्या क्षणीही त्याच्या हाताला बळ देणारा ईश्वरच असतो. तो ते बळ काढून घेत नाही, अपमान सोसतो. माणसानेही अपराध्याशी असेच वागावे आणि त्याचे भले करणे थांबवू नये. येथे ईश्वराचे ज्ञान केवळ बुद्धीचा विषय राहत नाही. दुखावणाऱ्या माणसाशी आपण कसे वागतो, यावर ते पारखले जाते.

४.५ सारांश

ईश्वराचे एकत्व अबाधित राखून त्याच्या आविष्कारांचे स्पष्टीकरण देणे आणि त्यातून नीतीचा मार्ग दाखवणे, हे कोर्दोव्हेरो यांचे महत्त्वाचे कार्य होय. त्यांच्या निधनाच्या वर्षीच इसहाक लुरिया त्सफातला आले. पुढे लुरियांची मांडणी अधिक प्रभावी ठरली. तरी कब्बालाची सुसंगत तात्त्विक मांडणी समजून घेण्यासाठी कोर्दोव्हेरो आजही अभ्यासले जातात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. रंगीत काचांच्या दृष्टान्तातून कोणता आक्षेप दूर होतो, ते स्पष्ट करा.
२. ‘ईश्वरी गुणांचे अनुकरण’ ही कल्पना आपल्या अनुभवातील एका प्रसंगाच्या आधारे तपासा.