ऑस्कर्सबॉर्गच्या तोफा

नॉर्वेचा नकाशा उघडून पाहिला असतां, त्या देशाची राजधानी ऑस्लो एका लांब व चिंचोळ्या खाडीच्या टोकास वसलेली दिसते. ड्रोबाक गांवाजवळ ही खाडी फारच अरुंद होते. तेथेंच एका बेटावर ऑस्कर्सबॉर्गचा किल्ला आहे.

१८९३ सालीं ह्या किल्ल्यावर जर्मनींतील क्रुप कारखान्याच्या, २८ सेंटिमीटर व्यासाच्या तीन तोफा चढविण्यांत आल्या. त्यांचीं नांवें अहरोन, यहोशवा आणि मोशे. उतरवितांना एक तोफ पाण्यांत पडली व वर काढावी लागली, म्हणून ती मोशे, असें सांगतात. नाईल नदींतून काढलेल्या बालकाची कथा ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्या नांवांतील गंमत कळेलच.

पुढें ४७ वर्षें ह्या तोफांनीं शत्रूवर एकहि गोळा टाकला नाहीं. किल्ला मुख्यतः रंगरुटांच्या शिक्षणापुरता उरला होता.

ता. ९ एप्रिल १९४० च्या पहांटे अंधारांतून मोठीं जहाजें खाडींत शिरलीं. तीं कोणाचीं, हें निश्चित कळेना. नॉर्वे तर तटस्थ देश! किल्लेदार कर्नल बिर्गर एरिक्सन ६४ वर्षांचे होते. वरून स्पष्ट हुकूम नव्हता. मित्राचें जहाज बुडविलें तर लष्करी न्यायालयापुढें उभें राहावें लागणार. शत्रूचें जाऊं दिलें तर राजधानी गेली. आम्हांस तर ह्या साऱ्या हकीकतींत तोफांपेक्षां हीच घटका मोठी वाटते. माणसें इतकीं थोडीं कीं, स्वयंपाक्यांसहि हाताशीं घेऊन दोनच तोफा सज्ज करतां आल्या. यहोशवाजवळ कोणी नव्हतें. पुन्हां भरण्यास अवधि मिळणार नाहीं, म्हणजे गोळे दोनच!

४ वाजून २१ मिनिटांनीं एरिक्सन ह्यांनीं हुकूम सोडला. सुमारें २५० किलोग्रॅम वजनाचे दोन्ही गोळे 'ब्ल्यूखर' ह्या नव्या जर्मन युद्धनौकेवर आदळले व आगीचा डोंब उसळला. मग खडकांत दडविलेल्या ठाण्यांतून जुने टॉर्पेडो सुटले. हें ठाणें जर्मनांस ठाऊकच नव्हतें. सकाळीं नौका बुडाली. शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं, त्यांत कितीएक कोवळे तरुण होते. हें आम्ही आनंदानें लिहीत नाहीं.

मागचीं जहाजें परतलीं. ऑस्लो त्याच दिवशीं विमानांतून उतरलेल्या सैन्याच्या हातीं गेलें, व दुसऱ्या दिवशीं किल्लाहि शरण आला. परंतु मधल्या तासांत राजा हाकोन, मंत्रिमंडळ व पार्लमेंटचे सभासद आगगाडीनें निसटले. राष्ट्रीय बँकेंतील सुमारें ५० टन सोनेंहि हलविण्यांत आलें. राजा १९४५ च्या जूनमध्यें मायदेशीं परतला. मोशे अद्याप त्या बेटावर, खाडीकडे तोंड करून, उभी आहे.