मांजराची नखे आणि घरातला सोफा

सोफ्याच्या हातावरची वीण उसवलेली दिसली की मांजराला खोड लागली, असे बहुतेक घरांत मानले जाते, आणि पुढच्या चुका या गैरसमजातून होतात. मांजराचे नख थराथरांनी वाढते; खरबरीत पृष्ठभागावर ओढले गेले की त्याचा बोथट झालेला वरचा थर गळून पडतो आणि खालचे अणकुचीदार नख मोकळे होते. उसवलेल्या धाग्यांत निरखून पाहिल्यास चंद्रकोरीच्या आकाराची पोकळ, अर्धपारदर्शक टरफले अडकलेली सापडतात, ती या थराचीच. शिवाय पंजाच्या बोटांमध्ये गंधग्रंथी, म्हणजे विशिष्ट वास स्रवणारे सूक्ष्म पिंड असल्यामुळे ओरबाडलेली जागा ही मांजराच्या हद्दीची खूण ठरते, आणि म्हणून ते अडगळीचा कोपरा सोडून दिवाणखान्यातली वर्दळीची जागाच निवडते.

ही प्रवृत्ती मोडून काढता येत नाही. तिला दुसरी जागा मात्र देता येते. ओरडणे, पाणी उडवणे वा मारणे हे उपाय करून पाहिलेल्या घरांचा अनुभव असा की, मांजर माणसांसमोर नखे आवरते, घर रिकामे होताच पुन्हा सोफ्याकडे वळते, आणि उचलून घेणाऱ्या हातालाच भिऊ लागते; ही हानी फाटलेल्या कापडाहून कितीतरी मोठी आहे. नखे शस्त्रक्रियेने कायमची काढण्याचा विचार तर मनातही आणू नये, कारण तीत प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड सांध्यापासून छाटले जाते. न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये वैद्यकीय कारणाखेरीज तिच्यावर बंदी घातली.

ओरबाडण्यासाठी द्यायचा खांब सुमारे 3 फूट उंच असावा, कारण मांजर मागच्या पायांवर उभे राहून सारे अंग ताणते. लाकडी वाशावर काथ्याचे सुंभ घट्ट गुंडाळून आणि तळाशी रुंद, जड फळी ठोकून तो घरीही तयार होतो. तळ हलका राहिला आणि खांब एकदा जरी अंगावर कलंडला, तर मांजर सहसा त्याच्याकडे फिरकत नाही, आणि त्याला खांब आवडतच नाही असा निष्कर्ष घरची माणसे काढून मोकळी होतात. पायपुसणी ओरबाडणाऱ्या मांजराला मात्र गोणपाट ठोकलेली आडवी फळी अधिक रुचते.

झोपेतून उठल्याबरोबर नखे घासण्याची मांजराची रीत असल्याने खांब त्याच्या झोपण्याच्या जागेजवळ किंवा सोफ्याला लागून ठेवावा, आणि सोफ्याच्या उसवलेल्या भागावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावावी, कारण पंजाला चिकटपणा सोसत नाही. खोकली या पावसाळी तणाच्या मुळीचा वास अनेक मांजरांना ओढून घेतो, म्हणून ती खांबावर चोळल्यास उपयोग होतो. दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची फक्त पांढरी टोके कापावीत. त्यामागच्या गुलाबी भागात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात.

सुंभ पिंजारून खांब विद्रूप दिसू लागला, तरी तो घाईने टाकू नये. त्यात मांजराचा वास मुरलेला असतो; नवा खांब काही दिवस जुन्याच्या शेजारी उभा करावा, आणि मांजर नव्यावर नखे घासू लागल्यावरच जुना हलवावा.