बॅकअप रोज होतोय, पण कशाचा?

जुन्या मासिकांचे अंक स्कॅन करून जतन करणाऱ्या एका संस्थेच्या सर्व्हरचं काम माझ्याकडे आलं, ते तिथल्या एका घटनेनंतर. ए-फोर आकाराचं एक पान ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं की टिफ फाइल साधारण १०० एमबीची होते. दहा हजार पानांत एक टीबी भरतो. संस्थेकडे असा वीसेक टीबीचा साठा होता आणि रेस्टिक या कमांड-लाइन प्रोग्रॅमने रोज रात्री त्याचा बॅकअप चालायचा.

एका रात्री लाइट गेली. फायली ठेवलेलं नॅस उशिरा सुरू झालं, त्यामुळे बॅकअप घेणाऱ्या मशिनवर ते माउंटच झालं नाही. पण ज्या फोल्डरवर ते माउंट होतं, ते फोल्डर जागेवरच असतं, फक्त रिकामं. रेस्टिकने त्या रिकाम्या फोल्डरचा स्नॅपशॉट घेतला, एक्झिट कोड शून्य दिला आणि बॅकअप यशस्वी झाल्याचा मेल गेला. पुढच्या रात्रीही तेच. स्क्रिप्टच्या शेवटी जुने स्नॅपशॉट काढून टाकणारं फर्गेट आणि त्यांचा डेटा पुसणारं प्रून होतं: शेवटचे ७ स्नॅपशॉट ठेवा, शिवाय दर महिन्याचा एक. आठवड्याभरात सात रिकाम्या स्नॅपशॉटनी त्या महिन्यातले सगळे चांगले स्नॅपशॉट बाहेर ढकलले. नंतर कुणाच्या तरी हातून नॅसवरचं एक फोल्डर डिलीट झालं, तेव्हा हे उघडकीला आलं. मागच्या महिन्यापर्यंतचे अंक परत मिळाले, कारण मासिक स्नॅपशॉट शाबूत होता. त्याच महिन्यात स्कॅन केलेले अंक मात्र गेले. हात लावला की कडा तुटणारी ती पानं पुन्हा स्कॅनरवर ठेवावी लागली. पैशाच्या नुकसानीपेक्षा मला हे जास्त लागतं. असा कागद प्रत्येक हाताळणीत थोडा संपतो.

म्हणून पहिली गोष्ट: बॅकअपच्या आधी माउंटपॉइंट ही कमांड चालवून डिस्क खरंच जोडलेली आहे का ते तपासा, नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा. मूळ साठ्यात एक छोटी खुणेची फाइल ठेवा आणि ती दिसली तरच पुढे जा. कालच्यापेक्षा आज फायली लक्षणीय कमी भरल्या, तर माणसाला कळलं पाहिजे. फर्गेट आणि प्रून रोजच्या स्क्रिप्टमध्ये ठेवूच नका. आठवड्यातून एकदा, स्नॅपशॉटची यादी डोळ्यांखालून घालून चालवा.

स्क्रिप्टला हात लावतानाही जपा. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवरचा सुमारे ७७ टीबी डेटा बॅकअपच्याच स्क्रिप्टमुळे पुसला गेला. बॅश स्क्रिप्ट वाचत वाचत चालवतो. ती चालू असतानाच तिच्या जागी नवी आवृत्ती टाकली गेली, व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि जुने लॉग पुसायला लिहिलेली फाइंड कमांड खऱ्या फायलींवर चालली. बदल वेगळ्या फाइलमध्ये करा आणि मग एमव्हीने ती जागेवर आणा. चालू असलेली स्क्रिप्ट जुनीच फाइल वाचत राहते.

आता आकाराचं. १०० एमबीपीएसच्या लाइनवरून एक टीबी जायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो, म्हणजे वीस टीबीला तीन आठवडे धरा. पहिला बॅकअप डिस्कवर घेऊन ती डिस्क दुसऱ्या जागी नेणं केव्हाही बरं. रेस्टिक फायलींचे सरासरी एक एमबीचे तुकडे करतो. वीस टीबीचे दोन कोटी तुकडे होतात आणि त्यांची यादी रॅममध्ये धरावी लागते. जुनं, कमी रॅमचं मशिन या कामाला जुंपू नका. तुकडे ज्या पॅकमध्ये जातात त्याचा आकार मुळात १६ एमबी असतो. तो ६४ केला की बारा लाख फायलींच्या जागी तीन लाख होतात आणि साठवणीच्या जागेवर यादी काढणं हलकं होतं. स्कॅन आधी झिप करून ठेवायचा मोह टाळा. झिपमधल्या एखाद्या फाइलमध्ये जरासा बदल झाला तरी तिचे पुढचे बाइट बदलतात आणि तोच डेटा पुन्हा साठवला जातो.

बॅकअप शाबूत आहे का हे बघायला रेस्टिकची नुसती चेक कमांड चालवली तर फक्त रचना तपासली जाते, पॅकमधला मजकूर वाचला जात नाही. तिला रीड-डेटा-सबसेट हा पर्याय देऊन आज तिसावा भाग, उद्या पुढचा, असं केलं की महिन्यात सगळा साठा वाचून होतो. पासवर्ड कागदावर लिहून दोन वेगळ्या कपाटांत ठेवा. तो हरवला तर एन्क्रिप्ट केलेल्या साठ्यातून काहीही निघत नाही.

अंकांची सूची असलेला डेटाबेस आम्ही वेगळ्या रिपॉझिटरीत टाकला. तो जेमतेम काही जीबीचा आहे, पण अडचणीच्या वेळी आधी तोच लागतो, कारण कोणता अंक कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे त्याच्याशिवाय कळत नाही. दर महिन्याला तो दुसऱ्या मशिनवर रिस्टोअर करतो, त्यातून एखादं वर्ष निवडतो आणि त्या वर्षाचे अंक मूळ नॅसला हात न लावता परत आणून एकेक पान उघडून बघतो.