पुराने वेढलेल्यांची सुटका : नाव, नावाडी आणि निरोप

समुद्रकिनारी भरतीचे पाणी परतीची वाट अडविते आणि वाळूवर दूर गेलेली माणसे अडकून पडतात. अशांचीही सुटका करणारी जीवरक्षक नौकांची संस्था ब्रिटनमध्ये १८२४ साली स्थापन झाली. तिच्या नौकांवर आजही बहुतांशी त्याच किनाऱ्यावरचे प्रशिक्षित स्वयंसेवक असतात. हाक येताच हातचे काम टाकून ते नौकेकडे धावतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यास समुद्र नाही. परंतु पाण्याने वेढले जाण्याचा धोका येथेही आहे.

वरून येणारे पाणी

भरतीची वेळ आधीच कळते. नदीच्या पुराची वेळ कळण्यासाठी वरच्या भागातून निरोप यावा लागतो. गोठणगावजवळील इटियाडोह धरण भरून सांडव्यावरून वाहू लागले की खाली गाढवी नदीचे पाणी वाढते. वैनगंगेचा उगम मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर तेथील अतिवृष्टी व संजय सरोवरातून सोडलेले पाणी यांमुळे पूर्व विदर्भात महापूर आला. गावात पाऊस नसतानाही पूर येऊ शकतो, हे यावरून ध्यानात घेतले पाहिजे.

पहिले काही तास

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल २००६ साली उभे राहिले. त्याची एक वाहिनी पुणे येथे आहे. राज्य दलाची तुकडी नागपूर येथे असते. या तुकड्या पोहोचण्यास काही तास लागतात आणि पूल पाण्याखाली असल्यास विलंब वाढतो. तोपर्यंत भिस्त गावावरच असते. नवेगावबांधसारख्या तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना पाण्याची उत्तम जाण आहे. मात्र तलावाच्या संथ पाण्यात चालणारा त्यांचा डोंगा पुराच्या धारेत सहज कलंडतो. म्हणून या जाणकारांना योग्य नाव, जीवरक्षक जाकिटे व प्रशिक्षण यांची जोड मिळणे आवश्यक आहे.

ब्रह्मनाळचा धडा

८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटली. तीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. स्त्रिया व मुलांसह अनेकांचा बुडून मृत्यू झाला. भीतीच्या क्षणी प्रत्येकाला पहिल्याच खेपेत जावेसे वाटते, हे स्वाभाविक आहे. अशा वेळी कोण बसेल आणि कोण थांबेल हे सांगणारी, सर्वांना मान्य असलेली व्यक्ती काठावर असलीच पाहिजे. सरपंच, शिक्षक अथवा ग्रामसेवक हे काम करू शकतात.

सुटकेची रीत

१. नावेची क्षमता तिच्यावर ठळक अंकांत रंगवावी. नावाडीही त्या संख्येत धरावा.
२. जाकीट घातल्याशिवाय कोणासही नावेत घेऊ नये.
३. आजारी, गरोदर स्त्रिया, वृद्ध व मुले यांना आधी न्यावे. लहान मुलासोबत त्याचे माणूस असावे.
४. सर्वांनी खाली बसावे. एका बाजूस झुकू नये.
५. बुडणाऱ्यास प्रथम लांब काठी, दोर किंवा झाकण घट्ट बसविलेला रिकामा डबा द्यावा. अप्रशिक्षित माणसाने पाण्यात उडी घेऊ नये.
६. प्रत्येक खेपेची नावे वहीत लिहावी. म्हणजे मागे कोण राहिले ते कळते.

पावसाळ्यापूर्वी

ग्रामपंचायतीने मे महिन्यातच नाव, दोर व जाकिटे तपासून घ्यावी. पोहता येणाऱ्यांची व नावाड्यांची यादी तहसील कार्यालयात द्यावी आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक चावडीवर व शाळेत लिहून ठेवावा. धरणाचा निरोप रात्री आल्यास दवंडी कोण देईल व नदीकाठच्या घरांना कोण उठवील, हेही ठरलेले असावे. निरोप वेळेवर पोहोचला तर पुष्कळ माणसे पायीच सुरक्षित स्थळी जातील आणि नावेत बसण्याची पाळी थोड्यांवरच येईल. शिक्षकांनी एकदा तरी मुलांकडून या साऱ्याचा सराव करून घ्यावा. शाळेत शिकलेली गोष्ट मुले घरी सांगतात आणि घरोघरी ती लक्षात राहते.